साहेबांचं ‘मोर’ आणि आत्याचं ‘या’

माझ्या आत्याने गोल्फच्या सामन्यात एक खळगा जिंकलेला आहे. काठीला हात न लावता, अनवाणी, आणि सोवळं न मोडता! या पराक्रमाची कुठे नीट नोंद सापडत नाही, कारण नोंद ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

गोष्ट छप्पन सालाच्या आसपासची. पिंपरीच्या माळावर तेव्हा नुकते कुठे कारखाने उगवायला लागले होते. त्यातल्याच एका कारखान्यात मी भांडारात कारकून होतो. चिंचवड गावठाणात दोन खोल्या घेतल्या होत्या आणि घरात आम्ही तीन माणसं: मी, माझी बायको सुमती आणि माझी आत्या. आई गेल्यापासून मला लहानाचा मोठा केला तो आत्यानेच, त्यामुळे माझ्या अंगात जे काही गुण आहेत ते तिचे. (अवगुण मी स्वकष्टाने मिळवले.)

माझी नोकरी हंगामी होती. हंगामी म्हणजे, आज आहे, उद्याचं साहेबांना माहीत. आत्याला हे कळलं मात्र, ती तडक मंगलमूर्तीच्या देवळात गेली आणि नवस बोलून आली. “बाळ्या कायम झाला की एकवीस मोदकांचा नैवेद्य. आणि तोवर मी चहा सोडला!”

आता, आत्याने चहा सोडणं म्हणजे काय हे ज्याने आत्याला पाहिलं नाही त्याला कळायचं नाही. दिवसाला सहा कप, तेही आलं ठेचून. तिसऱ्या दिवशी तिचं डोकं उठलं. पाचव्या दिवशी आमची उठली. कपाळावर सुंठेचा लेप, डोक्याला करकचून बांधलेला पंचा आणि हातात आपटायला एखादं भांडं, असा तिचा अवतार आठ महिने चालला. शेजारचे लोक आमच्याकडे साखर मागायला यायचे बंद झाले. शेवटी एक दिवस सुमती मला म्हणाली, “अहो, एकतर कायम व्हा, नाहीतर कायम झालो म्हणून सांगा तरी! माझी एकन् एक वाटी चेपली.”

ती हे वैतागून म्हणाली होती. मी मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊनच घरी आलो. “आत्या, कायम झालो!” आत्या आधी देवळात गेली. आल्यावर एकवीस मोदक केले, नैवेद्य दाखवला, आणि मग तिने चहाचं आधण ठेवलं. पहिला घोट घेताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पाहून माझ्याही आलं. (कारणं वेगवेगळी होती.) मी मनाशी म्हटलं, आज ना उद्या कायम होणारच आहोत, देवाला नैवेद्य थोडा आगाऊ मिळाला एवढंच! पण खरं सांगायचं तर, त्या दिवसापासून तिने चहाचा कप तोंडाला लावला की मी दुसरीकडे बघायचो.

आता साहेबांकडे वळू. आमचे धारवाडकर साहेब विलायतेत शिकून आलेले, आणि येताना तिथून गोल्फचं वेड घेऊन आलेले. कारखान्याच्या जागेला लागून पवनेच्या काठी एक जुनी राई होती. आंबे, जांभळी, करंज, मधूनमधून बाभळी. साहेबांनी त्या राईत एक झाड न तोडता नऊ खळग्यांचं गोल्फचं मैदान आखलं. मधे झाड आलं तर चेंडूने वळसा घालावा, असं त्यांचं स्वच्छ मत. राईत वानरं होती, ससे होते, मुंगसं होती, नाल्याकाठी घोरपड होती, आणि मोर तर इतके की खेळाडूंपेक्षा त्यांचीच गर्दी जास्त. साहेब म्हणायचे, “लिमये, हे घर त्यांचं आहे. आपण पाहुणे.”

एक दिवस साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“लिमये, तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणे?”

“चांगलं नाही साहेब, उत्तम आहे.”

“गोल्फ समजतं?”

“हो!” (‘नाही’ हा दोन अक्षरी शब्द मला आयुष्यात कधीच वेळेवर सापडला नाही.)

“मग मैदानावर मराठीत पाट्या लिहायच्या आहेत. आसपासचे लोक येतात, गुरं आणतात, त्यांना नियम कळायला हवेत. चला माझ्याबरोबर.”

मी गेलो. बरोबर गेनबा होता, राईचा रखवालदार, रावेतकडचा पिकलेला म्हातारा. साहेबांच्या काठ्यांची पिशवीही तोच वाहायचा. साहेबांनी अंगभर खळ्या असलेला पांढरा चेंडू ठेवला, काठी फिरवली, चेंडू भलत्याच दिशेला झाडीत घुसला आणि साहेब दोन्ही हात तोंडापाशी धरून गरजले, “मोऽऽर!”

आणि खरंच, त्या झाडीतून एक भला थोरला मोर फडफडत उडाला!

मी थक्क झालो. काय हा माणूस! चेंडू एखाद्या मोराला लागू नये म्हणून त्याला आधी सावध करतो, आणि तेही मराठीतून! पुढे दोनदा चेंडू झाडीत गेला, दोनदा साहेब ओरडले आणि दोन्ही वेळा कुठून ना कुठून मोर निघालाच. याहून पुरावा तो कुठला हवा?

“लिमये, ही एक पाटी सर्वांत महत्त्वाची,” साहेब म्हणाले. “मी ओरडतो आणि लोक माझ्याकडे बघत उभे राहतात. त्यांना लिहा, हात डोक्यावर घ्या, खाली वाका, हलू नका.”

“ओरडता म्हणजे ते नेहमीचंच ना, साहेब?”

“हो, तेच. दुसरं काय ओरडणार?”

मी परत विचारलं नाही. समजलेली गोष्ट पुन्हा विचारणं माझ्या स्वभावात नाही. घरी येऊन मी बोरूने मोत्यासारख्या अक्षरात पाटी लिहिली:

‘खेळाडू “मोर” असे ओरडताच प्रेक्षकांनी दोन्ही हात मस्तकी न्यावेत, मान लववावी व स्वस्थ राहावे.’

खाली दुसरा नियम, साहेबांनी इंग्रजीत सांगितलेला: ‘वनातील कोणत्याही जीवाने चेंडू हलविल्यास चेंडू जेथे थांबेल तेथूनच पुढे खेळावे.’ हा साहेबांचा लाडका नियम होता. कावळा चेंडू अंडं समजून पळवायचा, वानरं झेल घ्यायची. त्यात प्राण्यांचा काय दोष, असं साहेबांचं म्हणणं.

पाटी वाळत ठेवली होती, ती आत्याने डोळ्यांजवळ नेऊन वाचली. तिला तेव्हा मोतीबिंदू होता. मोठी अक्षरंच लागायची.

“बाळ्या, तुझा साहेब मोर म्हणून ओरडतो?”

“हो! गरजतो म्हण.”

“आणि लोकांनी हात मस्तकी न्यायचे, मान लववायची?”

“हो.”

“अरे, मग हे तर आपल्या देवाचंच की!” आत्याचा चेहरा फुलला. “पण नुसतं ‘मोर’? पुढचं ‘या’ कोण म्हणतं?”

“कुणी नाही,” मी हसत हसत म्हणालो.

“अगंबाई! बिचारा एकटाच अर्धं नाव घेतो आणि पुरं करायला कुणी नाही! चिंचवडात राहून असं होऊ देतात होय रे?”

मला वाटलं, बोलली आणि विसरली. आत्या आयुष्यात काहीच विसरलेली नाही, हे मी विसरलो.

गणपती नुकतेच उठले होते. राई हिरवीगार झाली होती आणि साहेबांनी सामना ठरवला. समोर मुंबईच्या मुख्य कचेरीतले मोठे साहेब. त्यांनी आमच्या साहेबांना आजवर प्रत्येक वेळी हरवलं होतं. कारखान्यातल्या लोकांनी घरच्यांना घेऊन यावं, सामना बघावा, नंतर हिरवळीवर चहापान, असा बेत होता. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, “खेळाची नोंद तुम्ही ठेवायची. नियम तुम्ही सांभाळायचे, लोकांना तुम्ही आवरायचं. तुमचा कायम होण्याचा कागद माझ्या टेबलावर आहे. रविवार नीट पार पडला तर सोमवारी सही.”

“साहेब, पार पडला असंच समजा!” मी म्हणालो.

आता माझ्यापुढे एकच पेच होता. आत्या यायची म्हणून हटून बसली होती, आणि साहेबांच्या तोंडून तिच्यासमोर ‘हंगामी’ हा शब्द निघाला असता तर माझं काही खरं नव्हतं. म्हणून मी आत्याला साहेबांपासून शक्य तितकी दूर बसवायचं ठरवलं. सगळ्यांत शेवटच्या, म्हणजे नवव्या खळग्यापाशी एक मोठी जांभळ होती. तिच्या सावलीत सतरंजी टाकली.

“आत्या, इथून उठायचं नाही. इथूनच छान दिसतं.”

“मला कुठं काय दिसतंय! पण जागा झकास आहे,” आत्या म्हणाली. तिची नजर खळग्याभोवतीच्या मऊ, बारीक कातरलेल्या हिरवळीवर खिळली होती. “बाळ्या, ही तर सगळी हरळी! दूर्वा रे! एवढ्या कोवळ्या दूर्वा मी जन्मात पाहिल्या नाहीत.”

साहेबांनी दोन वर्षं पोटच्या पोरीसारखी जपलेली हिरवळ होती ती. “एक काडी उपटायची नाही!” असं बजावून, सुमतीला तिच्यावर लक्ष ठेवायला सांगून मी निघालो. आत्याबरोबर तिच्या भजनातल्या तीन बायका होत्या. त्यांच्या पिशव्यांतून कसलातरी किणकिण आवाज येत होता, पण मी घाईत होतो.

सामना सुरू झाला. कमी फटक्यांत जो चेंडू खळग्यात घालील, खळगा त्याचा. तिसऱ्या खळग्यापर्यंत मुंबईकर साहेब पुढे होते. तेवढ्यात एक दांडगं वानर आंब्यावरून उतरलं, त्यांचा चेंडू उचलला, दातांनी चावून पाहिला आणि चव न आवडल्यासारखं तोंड करून तो नाल्यात भिरकावला.

“अहो, हे काय?” मुंबईकर साहेब ओरडले.

मी पुढे झालो. छाती काढून म्हणालो, “साहेब, नियम दुसरा. वनातील कोणत्याही जीवाने चेंडू हलविल्यास चेंडू जेथे थांबेल तेथूनच पुढे खेळावे.”

“नाल्यातून?”

“नाल्यातूनच, साहेब.”

“वानराचा काय नेम न्हाई सायेब,” गेनबा समजुतीने म्हणाला. “मागल्या टायमाला आमच्या सायबाचा पन नेला व्हता. त्यो तर अजून गावला न्हाई.”

मुंबईकर साहेब गुडघाभर चिखलात उतरले. चार फटके वाया गेले. बरोबरी झाली! धारवाडकर साहेबांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की सही सोमवारपर्यंत थांबायची नाही असं मला वाटून गेलं.

पाचव्या खळग्याची वाट आत्याच्या जांभळीजवळून जात होती. मुंबईकर साहेबांचा चेंडू तिकडे वळला आणि ते ओरडले. मला वाटलं, वा, हेही मोरांना जपतात! पण त्यांच्या ओरडण्याचा नाद विरतो न विरतो, तोच जांभळीखालून चार बायकांचा एकमुखी गजर उठला,

“याऽऽऽ!”

आणि पाठोपाठ टाळ! छन् छन् छन्!

मुंबईकर साहेब दचकले. “हे काय आहे?”

माझ्या पायांखालची हिरवळ सरकली. पण आवाज मी ठाम ठेवला. “स्थानिक लोकांची दाद देण्याची पद्धत आहे, साहेब. फक्त उत्तम फटक्याला देतात.”

“असं?” साहेबांचा चेहरा खुलला. चेंडू झाडीत हरवला होता हेही ते विसरले. पुढच्या फटक्याला चेंडू अगदी सरळ गेला, तरी ते ओरडलेच. “याऽऽ!” छन् छन्! मग आमचे साहेब का मागे राहतील? तेही प्रत्येक फटक्याला गरजायला लागले. दोघे साहेब राईच्या एका टोकाला ‘मोऽऽर’ म्हणताहेत, आणि दुसऱ्या टोकाकडून ‘याऽऽ’ येतंय! तो गजर ऐकून बाकीचे प्रेक्षकही सामील झाले. सगळ्यांचे हात मस्तकी, माना खाली, डोळे मिटलेले. खेळ कुणीच बघत नव्हतं. खरे मोर केव्हाच नदीपार सांगवीच्या दिशेने निघून गेले होते.

“लिमये, तुमची पाटी चांगली चालली!” धारवाडकर साहेब खूश होऊन म्हणाले. “सगळे कसे वाकतात बघा!”

आठ खळगे झाले आणि बरोबरी कायम. (कायम हा शब्द ऐकला की मला अजून घाम फुटतो.) राहिला नववा. एवढा जिंकला की आमचे साहेब प्रथमच मुंबईवर मात करणार, आणि मी सोमवारी खरोखरच कायम होणार!

मुंबईकर साहेबांचा चेंडू निशाणापासून बराच अलीकडे थांबला. मग धारवाडकर साहेब आले. श्वास रोखला, काठी फिरवली, आणि चेंडू उजवीकडे फाकून थेट जांभळीच्या माथ्यात घुसला!

“मोऽऽर!” साहेबांच्या ओरडण्यात यावेळी रडणं होतं.

“याऽऽऽ!” जांभळीखालून उत्तर आलं.

गेलं! जांभळीत गेलेला चेंडू काय सापडणार? उंचवटा उतरून आम्ही निघालो. लांबून मला आत्या निशाणापाशी वाकलेली दिसली. उपटल्या हिने दूर्वा! पण आम्ही पोचेपर्यंत ती आपल्या जागी, मांडी घालून, अगदी समाधानाने बसली होती.

आम्ही झाडीत चेंडू शोधला, पालापाचोळा उलथला, गेनबा झाडावर चढून आला. चेंडू नाही. साहेबांचा चेहरा पडला. एवढ्यात खळग्यात सहज डोकावलेला गेनबा ओरडला, “सायेब! हितं हाय! भोकात हाय!”

सगळे धावले. खळग्यात साहेबांचा चेंडू होता! एका फटक्यात खळगा! गोल्फमध्ये माणसं आयुष्य घालवतात आणि हे भाग्य दिसत नाही म्हणे. धारवाडकर साहेबांनी टोपी हवेत उडवली, गेनबाला मिठी मारली, मग मला मिठी मारली. चेंडूवर जांभळीची दोन पानं नीट झाकल्यासारखी ठेवलेली होती, ती तेवढी गेनबा हातात घेऊन विचार करत होता.

“लिमये!” साहेब सगळ्यांदेखत ओरडले. “सोमवार कशाला? आजच! आजपासून तुम्ही कायम! गेलं तुमचं हंगामीपण!”

टाळ्या पडल्या. आणि त्या टाळ्यांतून एक ओळखीचा आवाज आला.

“आज कायम?”

आत्या उठून पुढे आली होती. “बाळ्या, आज कायम झालास? मग चैत्रात काय झाला होतास?”

मी तोंड उघडलं. दोन-चार चांगली उत्तरं तयारही होती. पण तिच्याकडे पाहिलं आणि एकही बाहेर पडेना.

“मी देवाला सांगून आले रे, काम झालं म्हणून,” आत्या हळूच म्हणाली. “मोदक दाखवले. म्हणजे मी देवाशी खोटं बोलले?”

मला तेव्हा जी लाज वाटली ती आज लिहितानाही वाटते. साहेब गोंधळून एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. वातावरण हलकं करावं म्हणून ते म्हणाले, “आत्याबाई, जाऊ द्या. आज आनंदाचा दिवस आहे. माझा चेंडू बघा कसा एका फटक्यात खळग्यात गेला!”

“चेंडू?” आत्या म्हणाली. “चेंडू कुठला? खळग्यात अंडं आहे लांडोरीचं.”

गेनबाने हातातली पानं पुन्हा निरखली.

“तुम्ही देवाचं नाव घेतलंत, मी पदर पसरून डोळे मिटले, तर झाडावरून टपकन ते पदरातच पडलं. मला तर बाई कसंसंच झालं. अंडं, आणि माझ्या पदरात! हात काही लावला नाही. पदरानेच उचललं. त्याला बिचाऱ्याला देवी आल्या होत्या वाटतं, सगळ्या अंगभर व्रण! म्हटलं, लांडोर शोधत येईल. जवळ एवढा नीट खळगा दिसला, खुणेला निशाणही होतं. ठेवलं अलगद, वर दोन पानं घातली.”

धारवाडकर साहेबांची टोपी हातातच राहिली. मुंबईकर साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू ऊन पडलं.

“म्हणजे,” ते म्हणाले, “चेंडू बाईंनी टाकला. नियम काय म्हणतो? पाटी कुठे आहे?”

पाटी तिथेच रोवलेली होती; आमच्या साहेबांनी आजवर तिचं अक्षरच तेवढं पाहिलं होतं. ते जवळ गेले आणि मोठ्याने वाचायला लागले. “खेळाडू ‘मोर’ असे ओरडताच... मोर? हे मोर काय आहे?”

“मोर?” धारवाडकर साहेब धावत आले. “लिमये! मी ‘फोर’ ओरडतो! फोर! इंग्रजी शब्द आहे तो, चेंडू येतोय, सांभाळा!”

“फोर म्हणजे चार ना रे, बाळ्या?” आत्याने विचारलं. “चार काय?”

मुंबईकर साहेबांनी पाटीवरच्या दुसऱ्या नियमावर बोट ठेवलं. तिसऱ्या खळग्याचा चिखल त्यांच्या पाटलोणीवर अजून ओला होता.

“‘वनातील कोणत्याही जीवाने चेंडू हलविल्यास चेंडू जेथे थांबेल...’ याच नियमाने तुम्ही मला नाल्यात उतरवलंत. आता नियम तुमचा, अक्षर तुमचं, निवाडाही तुम्हीच द्या. या बाई वनातील जीव आहेत की नाहीत?”

‘नाही’ म्हणावं, तर साहेब हरले, आणि माझा कागद टेबलावरच राहिला. ‘हो’ म्हणावं, तर सख्ख्या आत्याला वानर आणि घोरपड यांच्या पंगतीला बसवायचं! समोर दोन्ही साहेब, मागे सगळा कारखाना. सुमतीने पदराचं टोक तोंडात कोंबलं होतं. ती हसत होती की रडत होती, हे तिने मला आजतागायत सांगितलेलं नाही.

“बाळ्या,” आत्या म्हणाली, “सांग की. निदान आता तरी खरं बोल.”

“साहेब,” मी खणखणीत आवाजात म्हणालो, “आत्या त्या वेळी वनात होती, आणि तिच्यात जीव आहे. सबब, वनातील जीव!”

मुंबईकर साहेब असे हसले की त्यांना जांभळीचा आधार घ्यावा लागला. डोळे पुसत ते म्हणाले, “धारवाडकर, जिंकलात! मला वानराने हरवलं, तुम्हाला आत्याबाईंनी जिंकवलं. आणि या माणसाला कायम कराच. असा माणूस दुसऱ्या कारखान्यात जाता कामा नये.”

मी वहीत नोंद केली: ‘नववा खळगा: धारवाडकर साहेब, एक फटका. साहाय्य: वन्य जीव (१).’

हिरवळीवर चहा आला होता. धारवाडकर साहेबांनी स्वतः कप भरून आत्यापुढे धरला. “घ्या, आत्याबाई. आज तुमचा मान पहिला.”

आत्याने कप हातात घेतला. आल्याचा वास आला.

“नवस काय तो आज पुरा झाला,” ती म्हणाली. “उद्या एकवीस मोदक पुन्हा करीन. तेव्हा चहा घ्यायला हरकत नाही.”

मी माझ्यासाठीही एक कप उचलला. कप तिच्या ओठांपर्यंत गेला, आणि तिथेच थांबला.

“पण मघाशी पदर पसरला होता ना, तेव्हा जे मागायचं राहिलं ते आत्ता मागून घेतलं,” आत्या म्हणाली आणि तिने कप हलकेच परत साहेबांच्या हातात दिला. “हा बाळ्या ज्या दिवशी थापा मारायचं कायमचं सोडेल, त्या दिवशी मी चहा घेईन.”

आत्या त्यानंतर चांगली बावीस वर्षं जगली. ठणठणीत होती. कॉफीवर.